पित्ताशयानंतरची सतरा मिनिटे

कोल्हापूर,
सोमवार, दि. १० एप्रिल २०००

आदरणीय मामांच्या सेवेशी,
भाचा प्रसेनजीत याचा सविनय जयभीम.

इकडे आम्ही सगळे आपापल्या जागी ठीक आहोत (बाबा गेले आठ दिवस माझ्याशी बोलत नाहीत, पण तेही आपल्या जागी ठीक आहेत). तुमची प्रकृती कशी आहे असे विचारण्याची रीत आहे म्हणून विचारतो. उत्तर आम्हाला परवाच मिळाले. मामींचा कोपऱ्यावरच्या एसटीडीवर फोन आला होता. तुमच्या पित्ताशयात खडे आहेत, त्यातला एखादा नळीत उतरला असावा असे सोनोग्राफीत दिसले, डॉक्टरांनी कोल्हापूरला जा म्हणून चिठ्ठी लिहून दिली आणि ती चिठ्ठी तुम्ही घडी करून भिंतीवरच्या घड्याळामागे ठेवलीत, इथपर्यंत सगळे कळले. सध्या तुम्ही गगनबावड्याच्या कुणा इसमाची पूड ताकातून घेत आहात आणि खडे विरघळायची वाट बघत आहात. डोळे पिवळे दिसतात ते वारणेच्या कॉलनीतल्या दिव्यांमुळे, असे तुम्ही मामींना सांगितलेत. मामा, दिवे अंधार पडल्यावर लागतात. डोळे दुपारी बारालाही पिवळे असतात, असे मामी म्हणाल्या.

आई फोन ठेवून आली ती थेट माझ्यासमोर वही आपटून म्हणाली, “तुज्या बाचं समदं तू बगिटलंयस. लिव दादाला, आन ये म्हणावं. न्हाईतरी कालेज सोडल्यापास्नं तुज्या हाताला दुसरं काय काम हाय?” (मी गुंडूभाऊच्या व्हिडिओ शूटिंगच्या धंद्यात आहे, लग्नात लाइट धरतो, कधी कधी कॅमेराही धरतो. हे काम आई कामात धरत नाही.) आईला वाचता येत नसल्यामुळे मजकुराची जबाबदारी सर्वस्वी माझी आहे, तेव्हा मोकळेपणाने लिहितो.

बाबांचे दुखणे फेब्रुवारीत सुरू झाले. वर्कशॉपातले एक मिस्त्री निवृत्त झाले, त्यांच्या मटणाच्या जेवणाला बाबा जाऊन आले आणि तासाभरात उजव्या बरगडीखाली कळ सुरू झाली ती पाठीतून पार खांद्यापर्यंत. बाबा सोडा प्यायले. पुढच्या वेळी दोन प्यायले. तिसऱ्या वेळी सोडावाल्यानेच त्यांना दवाखान्यात जायला सांगितले. मार्चमध्ये डोळे पिवळे झाले, अंग खाजायला लागले, लघवी काळ्या चहासारखी. (हे तिन्ही आईने फोनवर मामींना विचारले, त्या तिन्हींना ‘हाय’ म्हणाल्या. तेव्हा पुढचे जरा नीट वाचा.)

राजारामपुरीतले डॉक्टर वयाने तरुण आहेत. त्यांनी कागदावर चित्र काढले: हे यकृत, इथे पित्त तयार होते, ही खाली लोंबणारी पिशवी, इथे ते साठते, ही नळी, इथून ते आतड्यात उतरते. पिशवीत खडे धरलेत, त्यातले काही घसरून नळीत बसलेत, म्हणून पित्त मागे फिरून रक्तात चढते आहे. बाबांची एस.टी.च्या वर्कशॉपात तीस वर्षे गेली. त्यांनी चित्र उलटसुलट करून बघितले आणि म्हणाले, “म्हंजे टाकीत कचरा आन पायपात चोक.” डॉक्टरांनी मान्य केले. “मग नुसता पाइप साफ करून भागायचं न्हाय. टाकी बी काढाय पायजे, न्हाईतर परत कचरा उतरणार.” डॉक्टर म्हणाले, हे शिकायला मला नऊ वर्षे लागली. इथवर दोघांचे छान जमले होते. मग डॉक्टरांनी पोट फाडणार नाही असे सांगितले आणि बिनसले.

“बॉनेट न उचलता इंजिनाचं काम करतो म्हणणाऱ्या मिस्त्रीला मी दारात हुबा करत न्हाय,” बाबा मला जिन्यात म्हणाले. आवाज डॉक्टरांपर्यंत जाईल असा होता. डॉक्टर बाहेर येऊन शांतपणे म्हणाले, “काका, उचलायची गरजच नाही. चार भोकं पाडतो, एकातून कॅमेरा आत घालतो आणि बाकीच्यांतून पाने-पकडी. आणि हे बघा, यात चालढकल करू नका. थंडी वाजून ताप आला, तर समजा नळीत पू धरला. मग तासाची किंमत असते.” कॅमेरा म्हटल्यावर मी पहिल्यांदा नीट ऐकायला लागलो.

आधी नळी साफ करायची होती. त्यासाठी मिरजेहून एक डॉक्टर दर बुधवारी येतात. गुंगीचे इंजेक्शन देऊन बाबांना कुशीवर झोपवले आणि तोंडातून बोटाएवढी जाड, वळणारी दुर्बीण आत सोडली. जठर ओलांडून, नळी जिथे आतड्यात उघडते तिथपर्यंत. तिथे नळीच्या तोंडाला बारीकशी चीर दिली आणि तारेच्या इवल्या जाळीत धरून तीन खडे ओढून काढले. पोटावर ओरखडाही नाही. बाबांनी शुद्धीवर आल्या आल्या विचारले, “खडे कुठायत?” डॉक्टर म्हणाले, आतड्यात सोडलेत, ते आपल्या वाटेने जातील. हे बाबांना अजिबात पटले नाही. वर्कशॉपात नियम आहे मामा: जुना पार्ट जमा केल्याशिवाय स्टोअरमधून नवा मिळत नाही. जो मिस्त्री जुना पार्ट दाखवत नाही त्याने तो बदललेलाच नाही, असे तिथे धरतात. चार दिवसांत बाबांचे डोळे पांढरे व्हायला लागले, पण डॉक्टरांवरचा विश्वास तसाच पिवळा राहिला.

म्हणून पिशवी काढायच्या वेळी बाबांनी अट घातली: पार्ट काढलेला तर दाखवायचाच, पण काढतानाही दाखवायचा. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, “मग कोरी कॅसेट आणून द्या की. डॉक्टर रेकॉर्डिंग करून देतात, पुष्कळ जण नेतात.” हे त्यांनी सकाळी सव्वासातला सांगितले. ऑपरेशन आठला. कोल्हापुरात सव्वासातला दूध मिळते, मिसळ मिळते, कोरी कॅसेट मिळत नाही. सायकल हाणत घरी आलो. घरात कॅसेटी दोनच. एक ताईच्या लग्नाची (ती दिली असती तर त्या दिवशी दुसरे ऑपरेशन माझे झाले असते). दुसरी माझ्या पेटीत. तिच्यावर ‘भौतिकशास्त्र, भाग २’ अशी चिठ्ठी डकवलेली, म्हणजे घरात तिला कुणी हात लावण्याचा प्रश्न नव्हता. तिच्यात भौतिकशास्त्र नव्हते. तिच्यात दीप्ती होती.

इथे थोडे मागे जावे लागेल. दीप्ती म्हणजे जोतीराम गुरुजींची मुलगी, आमच्याच गल्लीत चार घरे सोडून. (गुरुजींना तुम्ही ओळखता. बोर्डिंगात तुम्ही दोघे एका खोलीत होतात आणि एकाच कोटात दोघांनी नोकरीच्या मुलाखती दिल्या, हे तुम्हीच सांगितलेले.) गेल्या वर्षी आम्ही एका कॉलेजात होतो. गॅदरिंगला त्यांच्या वर्गाच्या बारा मुलींचा कोळीनाच होता, शूटिंगचे काम गुंडूभाऊला मिळाले होते आणि त्याने कॅमेरा माझ्याकडे देऊन स्वतः चहाला जाण्याची चूक केली. मी नाच पूर्ण घेतला. नंतर दीप्ती पडद्यामागे पाणी प्यायली तेही घेतले, तिला एक चप्पल सापडेना तेही घेतले, सापडली तेही घेतले. एकूण सतरा मिनिटे. कॉलेजने ती कॅसेट घेतली नाही, कारण बारा मुलींच्या नाचात एकच मुलगी दिसते, बाकीच्यांची कोपरे दिसतात. गुंडूभाऊने ती माझ्या अंगावर फेकली, अशी ती माझी झाली.

त्या नाचाला तिसरा नंबर दिला. मामा, मी डोळ्यांनी बघितलेला नाच आहे, कॅमेऱ्यातून बघितलेला आहे. (मध्ये एक ढवळी मुलगी येऊन दीप्तीला धडकते, त्यात दीप्तीचा काय दोष?) मी परीक्षकांना कारण विचारायला स्टेजवर चढलो. विचारण्याची पद्धत चुकली असे नंतर सगळ्यांनी सांगितले. टेबल पडले हे खरे आहे, पण ते आधीच हलत होते. प्राचार्यांनी माफी लिहून दे म्हणून कोरा कागद दिला. मी त्यावर कॉलेज सोडत असल्याचे लिहून दिले. दीप्ती यावर माझ्याशी एक शब्द बोलली नाही. तिचे मन भरून आले असावे, असा मी त्याचा अर्थ काढला. ती आता शेवटच्या वर्षाला आहे आणि मी लाइट धरतो.

तर ही ती कॅसेट. सुरुवातीला चाळीस मिनिटे प्राचार्यांचे भाषण, मागोमाग दीप्ती. डॉक्टरांनी सांगितले होते, दोन तास धरून चाला. म्हणजे भाषण पुसले जाणार आणि पाठोपाठ दीप्तीही पुसली जाणार. घर ते दवाखाना मी सायकलवर विचार केला. मग कॅसेट मागे गुंडाळून काउंटरवर ठेवली आणि बाहेर येऊन बाकावर बसलो. बाबांसाठी मी काय सोडले हे घरात कुणालाही माहीत नाही. तुम्हाला म्हणून सांगतो.

ऑपरेशन अडतीस मिनिटांत झाले. दोन तास हे भूल देण्यापासून शुद्धीवर येण्यापर्यंतचे होते. जुन्या पद्धतीने पोट फाडले असते तर दीप्ती सुखरूप पुसली गेली असती. शास्त्राची प्रगती कुणाला कुठे नडेल सांगता येत नाही.

बाबांना दुसऱ्या दिवशी चालवले, तिसऱ्या दिवशी घरी सोडले. खांदा दोन दिवस दुखला, कारण आत नीट दिसावे म्हणून पोटात गॅस भरतात (टायरमध्ये हवा, हे बाबांना लगेच पटले). खडे बाटलीत घालून दिले. तेवीस, तूरडाळीच्या रंगाचे. पण खरी अडचण बघायला येणाऱ्यांची झाली. आपल्याकडे ऑपरेशनची योग्यता टाक्यांवर ठरते हे तुम्हाला माहीत आहे. शेजारच्या कॉटवर कुरुंदवाडचे एक पावणे होते, आतड्याच्या ऑपरेशनचे, सतरा टाके. त्यांच्याकडे माणूस शहाळे घेऊन आला की ते धोतर खाली सरकवून सतरा मोजून दाखवत, आणि येणारा माणूस हळहळून बसे. बाबांकडे वर्कशॉपातले लोक आले, बाबांनी बनियन वर केला, तर चार ठिकाणी चार चिकटपट्ट्या. एकाने विचारले, “धोंडीराम, दाढी करताना कापलं व्हय?” दुसरा म्हणाला, “ह्येच्यासाठी पंधरा दिवस शिक लीव्ह?” माणूस जगला, बरा झाला, आणि तोंड लपवून घरी आला.

म्हणून आठ दिवसांपूर्वी, दोन तारखेच्या रविवारी दुपारी बाबांनी पुराव्याचा जाहीर कार्यक्रम ठेवला. गुंडूभाऊकडून व्हीसीआर आणला, आईने पोहे केले, वर्कशॉपातले आठजण आणि निम्मी गल्ली आमच्या सोप्यात बसली. शिकलेला माणूस म्हणून जोतीराम गुरुजींना पुढे खुर्ची दिली होती आणि दाराशी बायकांत दीप्ती बसली होती. मी निवांत होतो. माझ्या हिशेबी दीप्ती पुसली गेली होती आणि दु:ख करून झाले होते. (अडतीस मिनिटांचा आकडा मला नंतर कळला.)

ऑपरेशन सगळ्यांना फार आवडले. गुरुजी छडीने पडद्यावर दाखवत होते, “हे यकृत. ही पिशवी.” पण खरी माहिती गल्लीतल्या चिमणाबाईने पुरवली. तिने जन्मभर कोंबड्या साफ केल्यात. पिशवी दिसताच ती डॉक्टरांना सूचना द्यायला लागली. “हळू रं बाबा, फोडू नगो. फुटली की समदं कडू.” डॉक्टरांनी न फोडता पिशवी सोडवून बेंबीतून बाहेर ओढली तेव्हा चिमणाबाई म्हणाली, “हात चांगला हाय पोराचा.” वर्कशॉपातल्या लोकांनी माना डोलावल्या. बाबांनी बनियन खाली केला आणि सहा आठवड्यांत पहिल्यांदा पाठ सरळ करून बसले. मग पडदा खरखरला, प्राचार्य दोन-तीन वाक्ये बोलून गेले, आणि हिरव्या लुगड्यात दीप्ती आली.

कुणी हलले नाही. मला वाटते, बऱ्याच जणांना अजून काहीतरी निघायचे राहिले असेल असे वाटले. शेजारच्या म्हाताऱ्या आक्कांना नीट दिसत नाही, त्यांनी विचारले, “ह्ये बी पोटातच हुतं व्हय?”

त्यानंतर सतरा मिनिटे कुणी रिमोट उचलला नाही (रिमोट माझ्या हातात होता, माझ्याही लक्षात आले नाही). नाच झाला, पाणी झाले, चप्पल हरवली, सापडली. गुरुजींनी चष्मा काढून पुसला आणि विचारले, “ऑपरेशनचं शूटिंग कुणी केलं?” बाबा म्हणाले, “डॉक्टरांनी.” “आणि हे?” बाबांनी माझ्याकडे बघितले. इथे मी गप्प बसायला हवे होते असे आता वाटते. पण मला तो तिसरा नंबर आठवला. मी उभा राहिलो, कॅसेट मागे घेतली, आणि तुम्हीच बघा म्हणून सगळ्या गल्लीला नाच पुन्हा दाखवला, जागोजाग थांबवून, नंबर कसा चुकीचा दिला ते समजावून सांगत. दुसऱ्या कडव्यापर्यंत आलो तेव्हा दाराशी दीप्ती नव्हती.

गुरुजींनी स्वतः उठून कॅसेट बाहेर काढली आणि काखेत धरली. बाबा म्हणाले, “गुरुजी, माझा पुरावा हाय त्यो.” गुरुजी म्हणाले, “आणि ती माझी पोरगी आहे.” दोघेही खरे बोलत होते आणि कॅसेट एकच होती. जाताना गुरुजी दारात थांबून म्हणाले, “धोंडीराम, तुझा मेव्हणा वारणेहून आला की माझ्याकडं पाठव. त्याच्याशी बोलतो. तुमच्या घरात शहाणा माणूस तेवढाच एक.” तेव्हापासून वर्कशॉपात बाबांना टाके कुणी विचारत नाही. सून कधी आणणार असे विचारतात. म्हणून बाबा माझ्याशी बोलत नाहीत.

तर मामा, सांगायचे एवढेच की या ऑपरेशनात घाबरण्यासारखे काही नाही. दुखते थोडे, माणूस तिसऱ्या दिवशी घरी येतो, पंधराव्या दिवशी कामावर जातो. त्रास होतो तो कॅसेटीचा. परवा बुधवार आहे, मिरजेचे डॉक्टर येणार आहेत. मंगळवारी संध्याकाळपर्यंत इकडे या. पूड ताकासकट ओतून टाका. मामींना जयभीम, लहानांना आशीर्वाद.

आपला भाचा,
प्रसेनजीत

ता. क. येताना कोरी कॅसेट घेऊन या. नवी, कागद न फोडलेली. घरातली कुठलीही आणू नका, वर काहीही लिहिलेले असले तरी.

ता. क. २. गुरुजी तुमच्याशी जे बोलणार आहेत ते नुसते कॅसेटीविषयी नसावे, असा माझा अंदाज आहे. मोठ्या माणसाला बोलावून घेतात म्हणजे विषय मोठा असणार. बाबा जाणार नाहीत, आई गेली तर रडेल, मी गेलो तर काय होते ते वर लिहिलेच आहे. राहता राहिलात तुम्ही. आणि गुरुजींसमोर पिवळ्या डोळ्यांनी जाऊन बसलात तर बोलणी नीट होणार नाहीत. खरे सांगायचे तर या पत्राचे कारण हेच आहे. तुम्ही धडधाकट असणे मला या उन्हाळ्यात फार गरजेचे आहे.

ता. क. ३. मामांना दीप्तीचा जयभीम. अक्षर बदललेले दिसेल. सोनूमावशींना, म्हणजे तुमच्या बहिणीला, वाचता येत नाही, पण प्रसेनजीत एका जागी बसून इतकी पाने लिहितो म्हटल्यावर त्यांना शंका आली आणि त्यांनी पत्र माझ्याकडे आणून मोठ्याने वाचून घेतले. सगळे वाचले. मधे मावशी दोनदा पाणी प्यायल्या. पुढचे त्या सांगतात तसे लिहिते:

“दादा, पोरानं लई लिवलंय, त्यातलं तुज्या डोळ्याचं तेवढं खरं धर. वैनीचा आज परत फोन आलता, तुला थंडी वाजून ताप आला म्हणून. आता बुधवारची वाट बघू नगो. ह्ये पत्र टपालात टाकलं न्हाय, गुंडूच्या जीपमधनं धाडलंय. जीप तुज्या दारात हुबी हाय, बाहीर बघ. घड्याळामागची चिठ्ठी घे आन बस. दवाखान्यात सांगून ठेवलंय.”

मावशींचे इथे संपले. कॅसेट वडिलांकडे नाही, माझ्याकडे आहे. मी ती तीनदा बघितली (ऑपरेशन एकदाच). तिसरा नंबर बरोबर होता. तिसऱ्या कडव्याला सगळ्या जणी डावीकडे वळल्या आणि मी उजवीकडे. वर जिला ढवळी म्हटले आहे तिला मीच जाऊन धडकले. कॅसेटमध्ये ते कळत नाही, कारण बाकीच्या अकरा जणी तिच्यात नाहीतच. हे मी त्याला त्याच दिवशी सांगणार होते, पण तोवर टेबल पडले होते.

वडील तुमची वाट बघत आहेत. तुमचा दोघांचा तो कोट अजून आमच्याकडे आहे. आणि कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाचे फॉर्म जूनच्या पहिल्या आठवड्यात मिळतात. हे शेवटचे मावशींनी सांगितलेले नाही.